विद्यार्थ्याचा रोजमेळ : स्वतःचा अभ्यास स्वतः सांभाळण्याची विद्या

जूनअखेर आणि जुलैच्या आरंभी भंडारा जिल्ह्यात दोन कामे एकाच वेळी सुरू होतात. विदर्भातील उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा उघडणाऱ्या शाळा गजबजू लागतात आणि शेतांमध्ये धानाचे पऱ्हे टाकले जातात. एका लहानशा वाफ्यात दाट पेरलेली ती कोवळी रोपे तीन-चार आठवडे एकमेकांच्या आधाराने वाढतात. मग रोवणीचा दिवस येतो. रोप मुळासकट उपटून बांधीच्या चिखलात लावले की आधी काही दिवस ते पिवळे पडते, मान टाकते. मुळांनी जमीन धरली की पुन्हा हिरवे होते. पऱ्हे कितीही जोमदार दिसत असले तरी पीक येते ते या नव्या जमिनीत मूळ धरण्याच्या ताकदीवर.

आपल्या व्यापारी कुटुंबांतील मुलांचीही अशीच एक रोवणी दहावीनंतर होते. तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी किंवा खुद्द भंडारा येथून मुले-मुली अकरावीसाठी नागपूरला जातात. काही त्याहूनही दूर. भंडाऱ्याहून नागपूर साठ-पासष्ट किलोमीटर. बसने हे अंतर सहज कापता येते. मुलाच्या दृष्टीने मात्र ते फार मोठे असते. घरी आई पहाटे उठवीत असे, शिकवणीचे सर काय वाचायचे ते सांगत असत, वडील रात्री दुकान वाढवून आल्यावर अभ्यास झाला का असे विचारीत असत. वसतिगृहाच्या खोलीत यांपैकी कोणीही नसते. असतात ती पुस्तके, भ्रमणध्वनी आणि संपूर्ण मोकळा वेळ.

मी तीस वर्षे माध्यमिक शाळेत गणित व विज्ञान शिकविले. या काळातील एक अपयश मला आजही सलते, आणि या लेखाचे निमित्त तेच आहे.

तुमसरकडील एका धान्य व्यापाऱ्याचा मुलगा माझ्याकडे शिकत होता. मुलगा हुशार, आज्ञाधारक, अक्षर मोत्यासारखे. दहावीच्या वर्षी मी त्याच्यासाठी काय केले नाही? प्रत्येक प्रकरणाच्या टिपणी स्वतः लिहून दिल्या. कोणता प्रश्न येण्याचा संभव अधिक, तेथे खुणा केल्या. कोणत्या दिवशी काय वाचायचे त्याचे वेळापत्रक मीच आखले. त्याला नव्वदहून अधिक टक्के मिळाले. गावात पेढे वाटले गेले. माझा सत्कारही झाला. पुढे तो विज्ञान शाखेसाठी नागपूरला गेला आणि दिवाळीच्या सुटीत घरी आला तो परत जाण्याचे नाव घेईना. चाचणी परीक्षेत तो दोन विषयांत अनुत्तीर्ण झाला होता. एका संध्याकाळी आजोबांबरोबर तो माझ्या घरी आला. बराच वेळ मान खाली घालून बसला आणि मग म्हणाला, ‘‘सर, तिथे आज काय करायचं ते कुणी सांगतच नाही. दिवसभर पुस्तकापुढे बसतो, पण रात्री कळत नाही की काय झालं. तुम्ही सगळं तयार करून दिलं होतं. ते तयार कसं करायचं, ते मला येत नाही.’’

त्याच्या स्वरात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच ते वाक्य मला अधिक लागले.

आजोबा काही वेळाने बोलले. ‘‘सर, आमच्या दुकानात दिवसभर किती गडबड असते ते तुम्हाला ठाऊक आहे. तरी रात्री मेळ बसल्याशिवाय मी कधी झोपलो नाही. आमच्या या पोराला स्वतःचा मेळ लावायला आपण कुणीच शिकवलं नाही.’’

त्या वृद्ध व्यापाऱ्याने एका वाक्यात जे सांगितले, त्यावर शिक्षणशास्त्रात गेली काही दशके पुष्कळ संशोधन झाले आहे.

शास्त्र काय सांगते?

या विषयाला ‘स्वयंनियंत्रित अध्ययन’ असे म्हणतात. नाव जड असले तरी अर्थ सरळ आहे : काय शिकायचे ते ठरविणे, शिकताना आपले आपल्यावर लक्ष ठेवणे, आणि शिकून झाल्यावर काय साधले व काय निसटले याचा स्वतःच हिशेब करणे. अमेरिकेतील शिक्षणमानसशास्त्रज्ञ बॅरी झिमरमन यांनी या प्रक्रियेचे तीन टप्पे मांडले आहेत. पहिला पूर्वविचाराचा, दुसरा प्रत्यक्ष कृतीचा आणि तिसरा आत्मपरीक्षणाचा. तिसऱ्या टप्प्यातून जे हाती लागते ते पुन्हा पहिल्या टप्प्यात उपयोगी पडते, आणि हे चक्र फिरत राहते.

त्याआधी १९७०च्या दशकात जॉन फ्लॅवेल यांनी मुलांना स्वतःच्या जाणण्याची जाण कितपत असते याचा अभ्यास केला होता. ‘मला हे समजले आहे’ असे वाटणे आणि खरोखर समजलेले असणे यांत मोठे अंतर असू शकते. ते ओळखता येणे ही स्वतंत्र क्षमता आहे. १९७७ साली अल्बर्ट बंडुरा यांनी स्वसामर्थ्यावरील विश्वासाचा विचार मांडला. ‘हे काम मी करू शकेन’ असा विश्वास ज्याला वाटतो तो अडचण आली तरी टिकून राहतो, आणि हा विश्वास कोरड्या स्तुतीपेक्षा स्वतः पार पाडलेल्या लहान लहान कामांतून अधिक दृढ होतो.

यातील कोणतीही गोष्ट जन्मजात नाही. ती शिकविता येते, आणि आठवी ते दहावी हा ती शिकविण्याचा उत्तम काळ आहे. या वयात मूल पुरेसे मोठे झालेले असते आणि तरीही घरात असते. पडले तर सावरायला माणसे जवळ असतात. पऱ्हे वाफ्यात असतानाच मुळे बळकट व्हावी लागतात, तसेच हे.

वहीचे एक पान

आजोबांच्या बोलण्यावरूनच आम्ही आरंभ केला. मुलाला एक साधी वही दिली आणि तिला नाव दिले ‘रोजमेळ’. पानाच्या वर तारीख आणि कालची शिल्लक, म्हणजे काल जे अपुरे राहिले ते. डावीकडे जमा : पुस्तक मिटून मला आज काय करता आले. उजवीकडे नावे : काय अडले आणि कोठे अडले. तळाशी उद्याचे काम. हिशेबशास्त्राच्या काटेकोर नियमांत ही मांडणी बसत नाही हे दुकानातील मुनीमजी लगेच सांगतील. परंतु मुलाला ती समजते आणि पाच मिनिटांत लिहून होते.

नोंद कशी असावी, हे महत्त्वाचे आहे. ‘आज गणित केले’ ही नोंद नव्हे. ‘आज पुष्कळ माल विकला’ असे कोणी रोजमेळात लिहीत नाही. दहावीच्या सध्याच्या गणित भाग २ मधील सहावे प्रकरण त्रिकोणमितीचे आहे. त्याची नोंद अशी होईल : ‘ठरविले – सरावसंच ६.१ मधील चार उदाहरणे, पुस्तक न पाहता, संध्याकाळी ७ ते ७.४८. झाली – तीन. अडले – चौथ्यात सेक व टॅन यांचे नाते आठवले नाही. उद्या – ते नित्यसमानता आधी स्वतः सिद्ध करणे, मग पुढची दोन.’ अशा नोंदीतून दुसऱ्या दिवशीची सुरुवात आपोआप निश्चित होते. सकाळी पुस्तक उघडून ‘आता काय करू?’ असा प्रश्न पडत नाही.

ठरविणे : वेळ, जागा आणि काम

बहुतेक मुलांचे वेळापत्रक आदर्श दिवसासाठी आखलेले असते आणि व्यापारी घरात असा दिवस क्वचितच उगवतो. कापणीनंतर बाजारात धानाची आवक वाढते तेव्हा घरातील मोठी माणसे रात्रीपर्यंत गुंतलेली असतात. दिवाळीत कापडाच्या व भांड्यांच्या दुकानात मुलाला गल्ल्यावर बसावे लागते. लग्नसराईचे तेच. अशा घरातील मुलाने ‘रोज सहा तास अभ्यास’ असे लिहिले तर आठवड्यातच ते वेळापत्रक भिंतीवरची शोभा होऊन जाते.

यावर एक साधा उपाय आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी दाखवून दिले की ‘मी अभ्यास करीन’ या नुसत्या निश्चयापेक्षा ‘अमुक घडले की मी अमुक करीन’ असा प्रसंगाशी बांधलेला निश्चय अधिक वेळा पाळला जातो. ‘संध्याकाळचे जेवण झाले की मागच्या खोलीत विज्ञान घेऊन बसेन.’ ‘दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा इंग्रजीचे दहा शब्द पाहीन.’ ‘मित्राचा फोन आला तर साडेआठनंतर बोलतो असे सांगेन.’ निश्चयाला वेळ, जागा आणि प्रसंग मिळाला की मन डगमगत नाही.

आपल्या घरांना या बाबतीत एक देणगी लाभलेली आहे. ज्या घरांत सूर्यास्तापूर्वी भोजन होते, तेथे संध्याकाळ फार लवकर मोकळी होते. सातनंतरचे दोन-अडीच तास शांत असतात. बहुतेक घरांत हा वेळ दूरचित्रवाणी आणि भ्रमणध्वनी यांच्या वाट्याला जातो. तो मुलांच्या अभ्यासाला द्यायचा असेल तर मोठ्यांनीही त्या वेळात पडदे बंद ठेवावे लागतील. बैठकीत बातम्या मोठ्याने चालू आणि आतल्या खोलीत मुलाकडून एकाग्रतेची अपेक्षा, हा व्यवहार न्याय्य नाही.

अभ्यास चालू असताना

मुलाला अभ्यास कसा करतोस असे विचारले तर ‘वाचतो, पुन्हा वाचतो, महत्त्वाचे अधोरेखित करतो’ असे उत्तर बहुधा मिळते. या पद्धतीत एक फसगत आहे. दुसऱ्यांदा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि ओळख म्हणजेच ज्ञान असा समज होतो. प्रश्नपत्रिकेसमोर मात्र पान डोळ्यांपुढे येते आणि त्यावरील अक्षरे येत नाहीत.

अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात (सेंट लुइस) हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली केलेला प्रयोग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. विद्यार्थ्यांना लहान उतारे वाचायला दिले. काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला. काहींनी तो मिटून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. त्यांना सुमारे ८१ टक्के आठवले, तर लिहिणाऱ्यांना ७५ टक्के. एका आठवड्यानंतर चित्र उलटले. पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होते आणि मिटून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. बोर्डाची परीक्षा पाच मिनिटांनी होत नाही, याचा विचार करावा.

पुढे २०१३ मध्ये जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धतींचा आढावा घेतला. त्यांत स्वतःची चाचणी घेणे आणि सराव अनेक दिवसांत विभागून करणे या दोन पद्धती सर्वाधिक उपयुक्त ठरल्या. पुन्हा वाचणे आणि अधोरेखन यांचा लाभ कमी आढळला. सराव विभागण्याचे कारण जुनेच आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखविले होते की विस्मरण आरंभी फार वेगाने होते आणि नंतर मंदावते. म्हणून उजळणी दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने करावी. व्यापारी उधारीच्या खात्यावर वसुलीची तारीख लिहून ठेवतो, तशी मुलाने प्रत्येक प्रकरणाच्या नावापुढे उजळणीची तारीख लिहून ठेवावी. तारीख उलटली तर ते ज्ञान बुडीत खात्यात जाण्याची भीती असते.

वेळेचे परिमाण कोणते घ्यावे? आमच्या विद्यार्थ्याने ४८ मिनिटांचे घेतले. आजोबांच्या सामायिकाचा तेवढाच वेळ, दोन घटिका. घरात त्या वेळेचा मान होता, त्या वेळात आजोबांना कोणी हाक मारीत नसे. नातवालाही तोच मान मिळाला. एका बैठकीला एकच काम, फोन दुसऱ्या खोलीत, आणि शेवटची दहा मिनिटे पुस्तक मिटून लिहिण्यासाठी.

आपल्या परंपरेत ‘स्वाध्याय’ हा शब्द सर्वांच्या तोंडी असतो, पण त्याची अंगे विसरली जातात. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात ती पाच सांगितली आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. म्हणजे वाचणे, शंका विचारणे, मनात घोळविणे, आवर्तन करणे आणि दुसऱ्यास सांगणे. तेथील प्रयोजन आत्मकल्याणाचे आहे आणि शालेय गुणांशी त्याची तुलना करू नये. तरीही शिकण्याची रीत म्हणून पाहता आपली मुले पाचांपैकी पहिल्या अंगावरच थांबतात, हे लक्षात येईल.

दुसऱ्यास सांगण्याचे एक उदाहरण माझ्या पाहण्यातले आहे. लाखनीकडील एका कापड दुकानदाराच्या मुलीला दहावीच्या गणितातील ‘अर्थनियोजन’ हे प्रकरण कठीण वाटे. त्यात वस्तू व सेवा कर आणि शेअर यांची उदाहरणे आहेत. गंमत अशी की तीच मुलगी सुटीत दुकानाची कराची बिले संगणकावर करीत असे! दोन्हींचा संबंध तिच्या लक्षातच आला नव्हता. वडिलांनी एके रात्री खरेदीची व विक्रीची बिले तिच्यापुढे ठेवली आणि म्हणाले, ‘‘बेटा, आज तू मला समजावून सांग. विकताना घेतलेला कर किती, खरेदीत भरलेला किती, आणि सरकारला द्यायचा किती?’’ केंद्राचा व राज्याचा कर निम्मा-निम्मा कसा, भरलेल्या कराची वजावट कशी मिळते, हे समजावताना ती दोनदा अडली आणि दोन्ही वेळा तिने स्वतःच पुस्तक उघडले. वडिलांना हे सारे तोंडपाठ होते. पण त्यांनी मौन पाळले. त्या मौनाचे मोल मोठे आहे.

चुकांची वही

दुकानात तोटा आला तर व्यापारी कारण शोधतो. भाव चुकला, माल खराब निघाला, उधारी अडकली की मोजमापात घट आली? ‘आपल्या नशिबात धंदा नाही’ असे म्हणून तो दुकान बंद करीत नाही. मुलाच्या उत्तरपत्रिकेबाबत मात्र हेच व्यवहारी घर एकदम म्हणते, ‘‘गणित आपल्या घराण्यातच नाही,’’ किंवा ‘‘याचे लक्षच नाही.’’ पहिल्या वाक्याने मुलाच्या हातून उपाय काढून घेतला जातो. दुसऱ्याने केवळ अपराधाची भावना उरते.

तपासलेली उत्तरपत्रिका हाती आली की प्रत्येक गेलेल्या गुणाचे कारण मुलाने स्वतः शोधावे. ढोबळमानाने चार कारणे असतात. विषय कळलाच नव्हता. कळला होता पण आठवला नाही. प्रश्न नीट वाचला नाही. किंवा घाईत आकडेमोड, चिन्ह वा एकक चुकले. प्रत्येकाचा उपाय वेगळा. पहिल्यासाठी शिक्षकांकडे जावे लागेल, दुसऱ्यासाठी मिटून लिहिण्याचा सराव वाढवावा लागेल, तिसऱ्यासाठी प्रश्नातील मुख्य शब्दांखाली रेघ ओढण्याची सवय लागेल, चौथ्यासाठी शेवटची दहा मिनिटे पडताळणीला राखावी लागतील. ‘आणखी अभ्यास कर’ हा उपदेश या चारही रोगांवर एकच गोळी देण्यासारखा आहे.

याच्या जोडीला आणखी एक सवय लावावी. परीक्षा देऊन आल्यावर, निकालापूर्वी, प्रत्येक प्रश्नात किती गुण मिळतील याचा अंदाज मुलाने लिहून ठेवावा आणि नंतर प्रत्यक्ष गुणांशी ताडून पाहावा. आरंभी हा अंदाज बहुधा चुकतो, आणि अनेकदा तो जास्तीचा असतो. चार-सहा चाचण्यांनंतर दोन्ही आकडे जवळ येऊ लागतात. आपल्याला काय येते आणि काय येत नाही हे त्याला आता कळू लागलेले असते.

दिवसाच्या शेवटी स्वतःच्या दोषांकडे शांतपणे पाहण्याचा संस्कार आपल्या घरांना नवा नाही. प्रतिक्रमणात दोष कबूल करताना माणूस स्वतःला हीन लेखीत नाही. पुन्हा न करण्याचा संकल्प करतो. चुकांच्या वहीकडे पाहण्याची दृष्टीही तशीच असावी.

पालकांनी काय करावे, काय करू नये

पालकांची भूमिका हळूहळू मागे सरण्याची आहे. आठवीत मुलाबरोबर बसून रोजमेळ लिहावा. नववीत त्याने लिहावा आणि आठवड्यातून एकदा, रविवारी, दहा मिनिटे दाखवावा. दहावीत त्याला दाखवावासा वाटला तरच पाहावा. एका दिवसात हात काढून घेणे आणि शेवटपर्यंत हात धरून ठेवणे, दोन्ही घातक आहेत.

‘अभ्यास झाला का?’ या प्रश्नाला ‘हो’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी विचारावे : आज सर्वांत अवघड काय वाटले? तिथे अडल्यावर काय केलेस? उद्या वेगळे काय करणार? आईवडिलांना तो विषय येत नसला तरी हे प्रश्न विचारता येतात. ज्या माता स्वतः फार शिकलेल्या नाहीत, त्या हे काम पुष्कळदा अधिक चांगले करतात. कारण उत्तर त्यांनाच ठाऊक नसते आणि मुलाला ते खरोखर समजावून सांगावे लागते.

शिकवणी वाईट नाही. पण शिकवणीला जाण्याचे कारण मुलाला सांगता आले पाहिजे. शाळा, मग एक शिकवणी, मग दुसरी, असा दिवस गेला तर मुलाला स्वतः विचार करण्यास वेळ कधी मिळणार? केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये शिकवणी केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालील विद्यार्थ्यांना प्रवेश देऊ नये, माध्यमिक परीक्षेनंतरच द्यावा, असे त्यांत म्हटले आहे. आठवी-नववीतच मूल मोठ्या परीक्षांच्या वर्गांत घालण्याची घाई करणाऱ्या पालकांनी त्या सूचनांमागील कारण समजून घ्यावे.

एक सावधगिरीची सूचना येथे आवश्यक आहे. ‘स्वतःचा अभ्यास स्वतः सांभाळ’ याचा अर्थ ‘तुझे तू बघ’ असा नव्हे. योग्य वेळी, योग्य माणसाकडे, नेमकी मदत मागता येणे हा याच विद्येचा भाग आहे. काही मुलांना वाचन-लेखनातील अध्ययन अक्षमता असते; तिचे निदान करून घ्यावे लागते आणि अशा विद्यार्थ्यांना राज्य मंडळ परीक्षेत सवलतीही देते. काही मुले मनाने खचलेली असतात. झोप उडालेली, जेवण तुटलेले, बोलणे बंद झालेले मूल वहीने सावरत नाही. त्याला जवळ घ्यावे आणि विनासंकोच तज्ज्ञाकडे न्यावे. त्या वेळी गुणांचा विषयही काढू नये.

शाळा आणि समाज

२९ जुलै २०२० रोजी मंजूर झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने घोकंपट्टीऐवजी ‘कसे शिकावे हे शिकणे’ यावर भर दिला आहे. धोरण वर्गात उतरते ते शिक्षकाच्या छोट्या कृतींतून. एखादे प्रकरण संपल्यावर मुलांनाच प्रश्नपत्रिका काढायला लावणे. उत्तरपत्रिका परत देताना एक तास केवळ चुकांच्या चर्चेला देणे. निबंध तपासण्यापूर्वी चांगल्या निबंधाच्या कसोट्या मुलांकडूनच ठरवून घेणे. यांना पैसा लागत नाही. मीही निवृत्तीपूर्वीच्या काही वर्षांतच हे करू लागलो, आणि आधीच्या वर्षांतील मुलांची मनोमन क्षमा मागितली.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका जैन कुटुंबात झाला. १९१९ साली त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तेथे निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहत, आपली कामे आपण करीत आणि श्रम करून शिकत. ‘कमवा आणि शिका’ ही योजना त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली. संस्थेच्या ब्रीदातही स्वावलंबी शिक्षणाचाच उच्चार आहे. त्या मुलांकडे पैसा नव्हता म्हणून स्वावलंबन अपरिहार्य होते, असे कोणी म्हणेल. आपल्या मुलांकडे सर्व काही आहे. म्हणून त्यांच्यासाठी स्वावलंबनाच्या संधी जाणीवपूर्वक निर्माण कराव्या लागतात, एवढाच फरक.

समाजाच्या पातळीवरही करण्यासारखे पुष्कळ आहे. गुणवंतांचे सत्कार आपण दरवर्षी करतो. त्याच कार्यक्रमात अकरावी-बारावीच्या किंवा पदवीच्या विद्यार्थ्यांना बोलावून ‘बाहेरगावी गेल्यावर अभ्यास कसा सांभाळला, कोठे चुकलो’ हे दहावीच्या मुलांना सांगायला लावावे. भवनातील एक खोली संध्याकाळी अभ्यासिका म्हणून उघडी ठेवावी. टक्केवारीच्या पाट्यांपेक्षा लहान भावंडांना याचा उपयोग अधिक होईल.

त्या मुलाचे पुढे काय झाले?

दोन आठवड्यांनी तो वही घेऊन नागपूरला परत गेला. पुढच्या चाचणीतही त्याचे गुण कमीच होते. परंतु फोनवर तो म्हणाला, ‘‘सर, या वेळी कुठे गेले ते मला माहीत आहे.’’ मला ते पुरेसे होते. बारावीला त्याला दहावीपेक्षा कमी टक्के पडले. घरी थोडी निराशा झाली, शेजाऱ्यांनी कुजबुज केली. आजोबांनी मात्र त्याच्या दोन वर्षांच्या वह्या मागवून घेतल्या आणि चष्मा लावून एखादी खतावणी तपासावी तशा पानोपान पाहिल्या. कोठे कोठे चार-चार दिवस कोरे होते. त्यावर बोट ठेवून ते हसले आणि म्हणाले, ‘‘कोरं पान फाडलं नाहीस, हे चांगलं केलंस.’’ पुढे पदवीच्या वर्षांत त्याला शिकवणी लागली नाही. आज तो घरचाच व्यवसाय नव्या पद्धतीने पाहतो, आणि अजूनही नवे काही शिकायचे झाले की वही काढतो.

त्याच्या घरी एक प्रथा तेव्हापासून सुरू झाली. दिवाळीला दुकानाच्या नव्या वह्यांचे पूजन होते तेव्हा घरातील शाळकरी मुलांच्या नव्या वह्याही शेजारी ठेवतात. पहिल्या सत्राची परीक्षा नुकतीच झालेली असते, बोर्डाच्या परीक्षेला चार महिने उरलेले असतात. हिशेब नव्याने मांडण्यास याहून योग्य वेळ नाही. पहिल्या पानावर मूल स्वतःच्या हाताने तारीख घालते आणि कालची शिल्लक लिहिते. पुढचे पान वडील उघडीत नाहीत.